काठी चांगली आली

बऱ्हाणपुरात आमच्या भागात रात्री आवाज झाला म्हणून कोणाची झोप मोडत नाही. आवाज थांबला की मोडते. घरामागच्या गल्ल्यांत यंत्रमाग आहेत आणि ते रात्रभर चालतात. त्या खडखडाटात आम्ही लहानाचे मोठे झालो, आमची मुलंही झाली. वीज गेली की सगळे माग एकदम गप्प होतात आणि घराघरांत माणसं उठून बसतात. मागच्या आठवड्यात अशीच वीज गेली. मी खिडकीशी गेलो आणि सवयीनं समोरच्या ओट्याकडे बघितलं. ओट्यावर कोणी नव्हतं, असणारही नव्हतं. मुरलीभाऊ इंदूरला मुलाकडे राहायला गेले त्याला वर्ष होत आलं. पूर्वी वीज गेली की ते हमखास तिथं दिसायचे. पायात चपला, सदऱ्याच्या खिशात कॅमेरा. मला खिडकीत बघून म्हणायचे, "चला मुनीमजी. आज शहरात फक्त खरे दिवे आहेत."

खरे दिवे म्हणजे मेणबत्त्या, टपरीवरचा गॅस, केळीच्या ट्रकचे हेडलाइट, कोणाच्या तोंडातली विडी. आणि मुनीमजी म्हणजे मी. मी एका शिक्षणसंस्थेत हिशेब बघतो, मुनीम वगैरे कोणाचा नाही. पण मुरलीभाऊंनी एकदा नाव ठेवलं की ते चिकटायचं.

त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्या एका वागण्याबद्दलही लिहावं लागेल. ते वगळून लिहून पाहिलं. चित्र पुरं होईना.

मुरलीधर चौधरी यांचं शनवारा वेशीजवळ कापडाचं दुकान होतं. उभं आयुष्य त्यांनी कापड मोजण्यात घालवलं. हातात मीटरपट्टी असायची, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानापुरती. त्यांच्या हाताला मीटर पाठ होता. साठी उलटल्यावर दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि आठवड्याच्या आत घरात चिडचिड सुरू झाली. मुलानं इंदूरहून एक छोटा कॅमेरा आणून दिला. नातवाचे फोटो काढा, देवळाचे काढा, असं सांगून तो परत गेला. मुरलीभाऊंनी थोडे दिवस काढले आणि मग कॅमेऱ्याशी त्यांचं भांडण झालं.

रात्री टपरीवर बसलेल्या माणसाचा फोटो काढायला जावं तर कॅमेरा आधी घरघरायचा, मग त्या माणसाच्या तोंडावर तांबडा उजेड टाकायचा, आणि शेवटी माणूस सोडून मागच्या बल्बवर जाऊन स्थिर व्हायचा.

"हा कॅमेरा आहे की पोलिसांची जीप?" मुरलीभाऊ म्हणाले. "आणि जातो कुठं, तर चकाकतं तिथं. माणूस रात्री चकाकत नाही हो. त्याला शोधावं लागतं."

म्हणून त्यांनी इंदूरच्या जुन्या बाजारातून हातानं फिरवायची एक लेन्स आणली. ती कॅमेऱ्याला बसावी म्हणून मधे एक कडी लावावी लागली. लेन्स कॅमेऱ्यापेक्षा जुनी, जड आणि मोठी. तिच्यावर अंतराचे आकडे कोरलेले होते. समोरचा माणूस जितक्या मीटरवर, तितक्या आकड्यापर्यंत लेन्स फिरवायची. बरोबर बसली तर चेहरा लख्ख, चुकली तर धूसर. आमच्याकडे त्याला 'आऊट' म्हणतात. दिवसा थोडी चूक खपून जाते. रात्री उजेड कमी, म्हणून लेन्स पूर्ण उघडी ठेवावी लागते, आणि मग वीतभर इकडंतिकडं झालं तरी फोटो गेला. हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. मी स्वतः कधी कॅमेरा हातात धरला नाही. डॉक्टरांनी जेवणानंतर चालायला सांगितलं होतं, म्हणून मी त्यांच्यासोबत जायचो, एवढंच.

अंतर चुकू नये म्हणून मुरलीभाऊंनी मागावरचं सूत पिळून एक दोरा केला होता. त्याला लेन्सवरच्या आकड्यांप्रमाणे गाठी. एक टोक लेन्सपाशी धरायचं आणि दुसरं समोरच्या माणसाच्या हातात द्यायचं. "नाकाशी धरा." माणूस गोंधळून नाकाशी धरायचा. मुरलीभाऊ ताणलेल्या दोऱ्याची गाठ बघायचे, लेन्स फिरवायचे आणि दोरा सोडायचे. दोरा खाली पडला की लोक हमखास हसायचे, आणि ते हसू संपता संपता फोटो निघायचा. हसताना काढायचा नाही, हसून झाल्यावर काढायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. "हसताना सगळे सारखे दिसतात. संपल्यावर जो उरतो तो माणूस."

एकदा इतवारा भागात गस्तीच्या शिपायानं आम्हाला अडवलं. नवा होता, बाहेरगावचा.

"काका, इतनी रात को क्या चल रहा है?"

"नाप ले रहे हैं," मुरलीभाऊ म्हणाले.

"किसका?"

"अभी तक किसी का नहीं. आप मिल गए." आणि दोऱ्याचं टोक त्याच्या हातात. "नाक पे रखिए."

त्यानं ठेवलं. पुढच्या महिन्यात तो शिपाई स्वतः ओट्यावर येऊन फोटो घेऊन गेला आणि गावी आईला पाठवला. तेव्हापासून रस्त्यात भेटला की टोपी काढून नाकाशी धरायचा.

सुशीलावहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हा उद्योग आधी मान्य नव्हता. त्या माझ्या बायकोला सांगायच्या, "दुसऱ्या बाईकडे जात असते तर निदान पत्ता तरी ठाऊक असता. हे कधी जुन्या पुलाखाली, कधी जिलेबीवाल्याच्या भट्टीमागं." पण घरातली चिडचिड थांबली होती, त्यामुळे त्या पुढं ताणत नसत. जाताना मात्र रोज विचारायच्या, "मुनीमजी सोबत आहेत ना?" मी असलो की त्यांना बरं वाटायचं. सगळ्यांनाच तसं वाटायचं. मेहुण्याच्या नव्या घराची भिंत ओळंब्यात नाही हे वास्तुशांतीच्या पंगतीत बसून सांगणारा माणूस मी. लोक वैतागायचे, पण विश्वास ठेवायचे.

मुरलीभाऊंचे दोन नियम होते. पहिला, झोपलेल्या माणसाचा फोटो काढायचा नाही. हातगाडीवर एक हमाल झोपला होता, त्याच्या पायाशी कुत्रं, आणि दोघांवर दुकानाच्या फटीतून उजेडाची एक पट्टी. मलासुद्धा कळलं की हे चांगलं दिसतंय. मी म्हटलं, काढा ना. मुरलीभाऊ पुढं निघून गेले. "झोपलेल्याला नाही म्हणता येत नाही मुनीमजी. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं काही घेऊ नये." चौधरी क्लॉथ स्टोअरमध्ये त्यांनी किती जणांना नको असलेलं कापड गळ्यात बांधलं होतं, याची मी त्यांना आठवण करून दिली. ते म्हणाले, "म्हणून तर आता पाळतोय."

दुसरा नियम, ज्याचा फोटो त्याला त्याची प्रत त्याच महिन्यात हातात द्यायची. मोबाइलवर दाखवून भागवायचं नाही. महिनाअखेरीला ते स्टुडिओतून प्रती करून आणायचे, आणि वाटायला निघण्याआधी माझ्याकडे यायचे. माझ्या टेबलावरच्या ट्यूबखाली मी एकेक प्रत बघायचो. आऊट असेल ती बाजूला काढायची, ती द्यायची नाही. हे काम त्यांनी मला लावून दिलं होतं. "लोक मला शेठ म्हणतात, म्हणून वाहवा करतात. तुम्हाला तोंड वाईट करायची सवय आहे. तुम्ही बघा."

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. दोरा असला तरी गाठ आणि लेन्सवरचा आकडा वाचायला डोळेच लागतात.

मोतीबिंदू काय, कोणालाही येतो. पण त्यांच्या थोरल्या भावाचा मोतीबिंदू फार वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात काढला होता आणि डोळाच गेला होता. तो भाऊ नंतर दुकानात बसायचा आणि पांढरं कापड कुठलं, मोतिया कुठलं, हे मुरलीभाऊंना विचारायचा. त्यामुळे ऑपरेशन म्हटलं की मुरलीभाऊ विषय बदलायचे. मुलगा इंदूरहून फोनवर ओरडला, वहिनी रडल्या. शेवटी एका संध्याकाळी माझ्याच बैठकीत त्यांनी तोड काढली.

"फोटो आऊट यायला लागले की त्या दिवशी ऑपरेशन. तोवर नाही. आणि आऊट आहे की नाही, ते मी नाही ठरवणार, सुशीला नाही, पोरगा नाही. मुनीमजी ठरवणार."

वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भाऊ सांगतील ना? मग माझी काही तक्रार नाही."

मी हो म्हटलं. तिथंच नाही म्हणायला हवं होतं.

आता मी काय केलं ते सांगतो. मी खोटं बोललो नाही. दर महिन्याला नव्या प्रती आल्या की मी मागच्या महिन्याची एखादी प्रत त्यांच्याशेजारी ठेवायचो आणि दोन्ही बघायचो. फरक इतका थोडा असायचा की ह्यावरून एका माणसाच्या डोळ्याला सुरी लावा म्हणून सांगणं मला जड वाटायचं. मी म्हणायचो, "मागच्या महिन्याइतकेच आहेत." ते अक्षरशः खरं असायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. सुरुवातीच्या काळातली, त्या शिपायाची वगैरे प्रत काढून मी कधी शेजारी ठेवली नाही. हिशेबात हे चालत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. आरंभीची शिल्लक न बघता नुसतं मागच्या पानावरून पुढं नेत गेलं की चूक प्रत्येक पानावर लहानच दिसते. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

मला भीती होती. मी सांगायचं, त्यांनी ऑपरेशन करायचं, आणि भावासारखं झालं तर? वहिनी दारात उभ्या राहून म्हणतील, भाऊ, तुम्ही सांगितलं म्हणून. त्या एका वाक्याला मी भीत होतो. त्यांच्या डोळ्याची काळजी मला नव्हती असं नाही, पण त्या डोळ्यावर माझी सही नको होती.

नथूदादा हा जैनाबादचा. तापीपलीकडून रोज संध्याकाळी पुलावरून सायकलनं यायचा आणि केळी पिकवण्याच्या एका गोदामावर रात्रभर पहारा करायचा. उंच, हडकुळा, पांढऱ्या मिशा, आणि हातात पितळी कडी बसवलेली काठी. ती कडी तो राखेनं घासून ठेवायचा. आम्ही फाटकाशी थांबलो की तो चहा पाजायचा, मुरलीभाऊंची थट्टा करायचा, पण कॅमेरा खिशातून निघाला की गमछा तोंडावर. सगळ्या रस्त्यात त्याचाच तेवढा फोटो नव्हता. मुरलीभाऊंनी कधी आग्रह केला नाही. त्याला नाही म्हणता येत होतं आणि तो म्हणत होता.

थंडीत एका रात्री तो स्वतःच म्हणाला, "शेठ, आज काढा."

"आज सूर्य कुठून उगवला नथूदादा?"

"लेकीनं सुरतहून सुटर धाडलं. घालून दाखवा लागते ना तिले. नाही तर म्हणीन, बापानं विकून खाल्लं."

तपकिरी रंगाचा नवा स्वेटर होता, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. मुरलीभाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी मला उगाच कोपरानं ढोसलं. दोरा काढला आणि टोक पुढं केलं.

नथूदादा मागं सरकला. "हे काय? माप घेता का? कफनाचं?"

"अरे, नाकाशी धर नुसतं."

"दुकान सुटलं, पण शेठची सवय सुटली नाही. ठेवा तो दोरा. मले मोजू नका, नुसते काढा."

मुरलीभाऊ हसले आणि दोरा खिशात घातला. मग नुसत्या डोळ्यांनी लेन्स फिरवू लागले. नथूदादा फाटकावरच्या बल्बखाली ताठ उभा राहिला, काठी दोन्ही हातांनी पुढं धरून, सलामीला उभा असल्यासारखा. मुरलीभाऊंना बराच वेळ लागला. पुढं झाले, मागं झाले, पुन्हा पुढं. मी बाजूला उभा होतो. त्यांना दिसत नाही, हे मला दिसत होतं.

महिनाअखेरीला ती प्रत माझ्या टेबलावर आली. काठी अशी उठून आली होती की कडीवरचे घासल्याचे ओरखडे दिसत होते. तिच्यामागं स्वेटरचा तपकिरी रंग, आणि त्याच्यावर एक चेहरा, जो कोणाचाही असू शकला असता. मी शेजारी मागच्या महिन्याची एक प्रत ठेवली. ट्रकवाल्याची होती. तीही तशीच होती.

"कसा आलाय?" मुरलीभाऊ वाकून माझ्या तोंडाकडे बघत होते, फोटोकडे नाही.

मी म्हटलं, "मागच्या महिन्याइतकाच."

दुसऱ्या दिवशी ते प्रत देऊन आले आणि माझ्या दारातूनच हसत सांगू लागले. "नथूदादा काय म्हणाला असेल? बल्बखाली धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला, आणि म्हणतो कसा, शेठ, काठी चांगली आली. मी म्हटलं, लेका, सुटरचं बोल. तर म्हणतो, सुटर बी आलं."

मला त्याच क्षणी कळलं की नथूदादानं काय सांगितलं. शेठचं मन न दुखावता जेवढं खरं बोलता येईल तेवढं तो बोलला होता. मुरलीभाऊ हसत होते. मीही हसलो.

होळीच्या आधी नथूदादा गेला. ड्यूटीवरच, खुर्चीत बसल्या बसल्या. तेरवीला आम्ही दोघं जैनाबादला गेलो. एका खोलीचं घर, बाहेर मांडव. आत पाटावर फोटो होता, हार घातलेला. फोटोत नथूदादा निळा कोट आणि टाय घालून एका कारंज्यापुढं उभा होता. चेहरा गुळगुळीत, मिशा काळसर, आणि डोळे मोठे, टपोरे, पाणीदार. त्याचा दुसरा फोटोच नव्हता. लेकीनं सुरतहून येताच मुरलीभाऊंनी दिलेली प्रत स्टुडिओत नेली होती, आणि स्टुडिओवाल्यानं तिच्यावरून हा तयार केला होता. आमच्याकडे ही रीतच आहे. जिवंतपणी ज्यानं कधी कोट घातला नाही, तो भिंतीवर कोटात असतो.

नथूदादाची बायको सिंधूबाई बायकांत बसली होती. कोणीतरी फोटो छान झाला म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "कोट राहू द्या, पण डोळे दुसऱ्याचेच लावले. त्यायचे डोळे नाहीत हे."

मुरलीभाऊ फोटोपाशी गेले. नाक काचेला लागेल इतके वाकले. मग माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "हे काय केलंय? माझा फोटो का नाही लावला?"

मांडवात शेदीडशे माणसं होती. मी म्हटलं, "तुमचा आऊट होता."

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे माझा आवाज जिकडून आला तिकडे.

"कधीपासून?"

मला सांगता आलं नाही. मी दर महिन्याला फक्त मागचा महिना बघितला होता. कधीपासून, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी तसं म्हटलं.

"तुम्हाला माहीत नाही," ते म्हणाले. प्रश्न नव्हता. मग चपला शोधू लागले. मी त्यांच्या पुढं सरकवल्या.

परतताना ते स्टुडिओवर थांबले. इतके महिने आऊट प्रती काढून देताना सांगितलं का नाही, असं त्यांनी स्टुडिओवाल्याला विचारलं. तो बिचारा घाबरला. "शेठजी, मैंने सोचा आर्ट है. आजकल ऐसा ही निकालते हैं ना?"

"आर्ट," मुरलीभाऊ म्हणाले. बाहेर आल्यावर एवढंच बोलले, "मी त्या मशीनला शिव्या दिल्या, चकाकतं तिथं जाते म्हणून. मी कुठं गेलो? पितळेवर गेलो. माणूस मागं उभा होता." त्यांनी सगळा दोष स्वतःकडे घेतला. माझ्या वाट्याचा मी तिथंच रस्त्यात मागून घ्यायला हवा होता. मी रिक्षा थांबवली.

ऑपरेशन इंदूरला झालं. मी सोबत गेलो होतो. आत नेलं आणि चहा संपायच्या आत बाहेर आणलं. काही झालं नाही. इतकं काही झालं नाही की मला तिथल्या बाकावर बसवेना. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मुरलीभाऊंनी आधी भिंत बघितली, मग वहिनींना, मग मला. बराच वेळ बघून म्हणाले, "मुनीमजी, म्हातारे झालात की. कोणी सांगितलं नाही का?"

वहिनी खळखळून हसल्या. त्यांना वाटलं थट्टाच आहे. असेलही.

बऱ्हाणपूरला परतल्यावर त्यांनी स्वतःजवळ ठेवलेल्या सगळ्या प्रती बाहेर काढल्या आणि फरशीवर ओळीनं मांडल्या, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. मला बोलावलं नव्हतं, मीच गेलो होतो. ते ओळीच्या कडेनं चालत गेले, एका ठिकाणी थांबले आणि पायाच्या अंगठ्यानं एक प्रत पुढं सारली. जिलेबीवाल्याची होती. "इथून," म्हणाले. गणपतीच्या दिवसांतली. म्हणजे नथूदादाच्या फोटोच्या बऱ्याच आधीची. जे मला सांगता आलं नव्हतं ते त्यांना चार पावलांत दिसलं, आणि त्यासाठी नवा डोळा लागत नव्हता. पहिली प्रत शेजारी ठेवायला लागत होती.

त्यानंतर त्यांनी एक काम हाती घेतलं. अंगठ्याच्या पुढच्या प्रत्येक माणसाला गाठून पुन्हा फोटो. जिलेबीवाला, ट्रकवाला, मागावरचे दोघं भाऊ, इस्त्रीवाली. प्रत्येकाला तेच सांगायचे, "मागचा चुकला होता. माफ करा." कोणी म्हणायचं, चांगला तर होता शेठ, भिंतीवर लावलाय. ते म्हणायचे, काढा तो. मी सोबत असायचो. दोऱ्याचं टोक आता लोकांच्या हातात न देता ते माझ्याकडे द्यायचे, आणि मी ते समोरच्याच्या नाकाशी धरायचो. प्रती मात्र त्यांनी पुन्हा कधी माझ्या टेबलावर आणल्या नाहीत.

सगळे फोटो पुन्हा झाले. एक होऊ शकत नव्हता.

त्याच्यासाठी ते सिंधूबाईकडे माफी मागायला गेले. तिनं चहा ठेवला. कोटातला फोटो भिंतीवर नव्हता. तो तिनं पेटीत ठेवून दिला होता. पाहुणे आले की काढते, म्हणाली. मुरलीभाऊंनी सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमचा आऊटवालाच द्या मले. मोठा करून द्या. त्यात त्यायचे डोळे दिसत नाहीत, पण दुसऱ्याचे तर नाहीत."

मुरलीभाऊंनी तो मोठा करून, काच बसवून घेतला. तोवर इंदूरला जायचं ठरलं होतं. वहिनींचे गुडघे धरले होते आणि मुलगा ऐकायला तयार नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही जैनाबादला गेलो. खिळा मुरलीभाऊंनीच ठोकला. फोटो टांगला, रुमालानं काच पुसली. जवळून बघितलं तर काठी आणि तिच्यामागं धुकं. मोठा केल्यानं धुकंही मोठं झालं होतं.

त्यांनी खिशातून दोरा काढला आणि टोक माझ्या हातात दिलं. "काचेला लावा. तोंडावर."

मी लावलं. मुरलीभाऊ फोटोकडे तोंड करून एकेक पाऊल मागं सरकू लागले. सिंधूबाईला त्यांनी सोबत घेतलं होतं.

"ताई, इथून?"

"नाही."

आणखी मागं. खाट लागली, ती वळसा घालून गेले. "इथून?"

"नाही, भाऊ. सुटर दिसते."

ते उंबरा ओलांडून अंगणात उतरले. बाहेर अंधारलं होतं. दारातून आतल्या बल्बचा उजेड त्यांच्या सदऱ्यावर पडला होता. दोरा ताणला गेला होता, शेवटची गाठ त्यांच्या चिमटीत.

"इथून?"

"मिशी आली थोडी."

त्यांनी दोरा सोडला आणि मागं चालत राहिले, गल्लीत, समोरच्या घराच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत. सिंधूबाई पदर सावरत त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिथून मुरलीभाऊंनी पुन्हा विचारलं, "आता?"

मग तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला, जसा नवरा समोर आला की त्या पिढीच्या बायका ओढतात.

मी आत होतो, काचेला बोट लावून. मला काठी दिसत होती. मुरलीभाऊंनी मला काही विचारलं नाही.